संगणक रोज वेळेवर बंद होत होता

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल विणणारा एक कारखाना आहे आणि त्याच्या दोन संगणकांची, एक कचेरीतला आणि एक विणाईच्या शेडमधला, देखभाल गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. कचेरी म्हणजे यंत्रमागांच्या शेडला लागून काचेची भिंत घालून काढलेली एक खोली. मागांचा खडखडाट काचेतूनही आत येतो आणि सुताची तूस दाराच्या फटीतून येऊन संगणकाच्या पंख्यावर बसते. दर दोन महिन्यांनी संगणकाचा डबा उघडून ती तूस ब्लोअरने उडवून लावणे हे माझे ठरलेले काम. दुसरे ठरलेले काम म्हणजे हिशेबाच्या डेटाचा बॅकअप नीट होतो की नाही हे पाहणे, आणि ते दुसरे काम मी एका वर्षी अत्यंत वाईट रीतीने केले.

पूर्वी ही व्यवस्था साधी होती. मी एक बॅच फाइल, म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या आज्ञांची फाइल, लिहून दिली होती. रात्री नऊच्या सुमारास नोंदी संपल्या की दिवाणजी हिशेबाचे सॉफ्टवेअर बंद करत आणि डेस्कटॉपवरील त्या फाइलीच्या फोल्डरात जाऊन तिच्यावर दोनदा क्लिक करत. काळी खिडकी उघडे, काही ओळी सरकत, सेव्हन-झिप डेटाच्या फोल्डरची एक आवळलेली फाइल बनवी, रोबोकॉपी ती फाइल विणाईच्या शेडमधील दुसऱ्या संगणकावर नेऊन ठेवी आणि शेवटच्या ओळीने पाच मिनिटांनी संगणक बंद होई. तोवर दिवाणजी टेबलावरचे कागद आवरत, डबा पिशवीत घालत आणि पडदा काळा झाला की दिवा मालवून निघत.

पुढे दिवाणजींची दृष्टी थोडी मंदावली, त्यातच एकदोनदा क्लिक करायचे राहून गेले, म्हणून दसऱ्याच्या आधी मी मालकांना म्हटले की आता हे काम माणसावर ठेवू नये. विंडोजमध्ये टास्क शेड्यूलर असतो. त्याला रात्री साडेदहाची वेळ दिली की तोच ही फाइल चालवील. मालकांनी मान डोलावली. दहा मिनिटांत मी टास्क तयार केला, तो एकदा हाताने चालवून पाहिला, पाच मिनिटांनी संगणक आपोआप बंद झाला आणि मी समाधानाने गाडीला किक मारली.

त्यानंतर जवळजवळ बारा आठवडे संगणक रोज रात्री वेळेवर बंद होत होता. मालक दुसऱ्या पाळीच्या वेळी फेरी मारत, कचेरीत अंधार दिसला की बॅकअप झाला असे समजत. मीही तेच समजत होतो. जानेवारीच्या नऊ तारखेला दुपारी वीज तीनचार वेळा लागोपाठ गेली-आली, तेवढ्यात जुन्या यूपीएसने दम तोडला आणि संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा हिशेबाच्या सॉफ्टवेअरने डेटा उघडण्यास नकार दिला. डिसेंबरचे जीएसटीआर-१, म्हणजे जीएसटीचे विक्रीचे विवरणपत्र, भरण्याची मुदत ११ तारखेची. गावात सिद्धेश्वराच्या यात्रेची, गड्ड्याची धामधूम, नंदीध्वजांची तयारी, आणि आम्ही काचेच्या खोलीत. मी मोठ्या निश्चिंतपणे दुसऱ्या संगणकावरचे बॅकअपचे फोल्डर उघडले. त्यातील सर्वांत नवी फाइल दसऱ्याआधीची होती, म्हणजे दिवाणजींनी स्वतःच्या हाताने क्लिक करून काढलेली शेवटची.

मालक एवढेच म्हणाले, “पण रोज बंद होत होता की ओ सर.” त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. बिलांच्या छापील प्रती फायलीला लावलेल्या होत्या म्हणून आम्ही वाचलो. मी, दिवाणजी आणि मालकांचा पुतण्या अशा तिघांनी आधी डिसेंबरची विक्रीची बिले दीड दिवसात पुन्हा चढवून मुदत गाठली आणि उरलेल्या दोन महिन्यांच्या नोंदी पुढच्या आठवड्यात संपवल्या. यात्रेतला त्या वर्षीचा अक्षता सोहळा आमच्या घरच्यांनी माझ्याशिवाय पाहिला.

पंधरवड्याने मन थाऱ्यावर आल्यावर मी तो टास्क पुन्हा उघडला. यादीत ‘लास्ट रन रिझल्ट’ नावाचा एक रकाना असतो आणि त्यात शेवटच्या वेळी काय निष्पन्न झाले ते सोळा-आधारी अंकांत दाखवलेले असते. तेथे स्वच्छ ‘०एक्स०’ लिहिले होते, म्हणजे काम सफल झाले. मी कधी तपासले असते तरी मला तेथे हेच दिसले असते, ही गोष्ट मला सर्वांत अधिक बोचली, कारण निष्काळजीपणाची कबुली देता येते, पण नीट पाहूनही फसलो असतो हे कळल्यावर माणूस आपली पद्धतच तपासू लागतो.

उलगडा असा आहे. टास्क शेड्यूलर स्वतः कोणताही बॅकअप घेत नाही. तो एका बाहेरच्या प्रोग्रॅमला हाक मारतो, तो संपेपर्यंत वाट पाहतो आणि जाताना त्या प्रोग्रॅमने जो एक अंक हातात ठेवला असेल तो रकान्यात लिहून ठेवतो. माझ्या बाबतीत तो प्रोग्रॅम म्हणजे बॅच फाइल चालवणारा कमांड प्रॉम्प्ट, तीच ती काळी खिडकी. बॅच फाइल संपताना शेवटच्या प्रोग्रॅमने दिलेला अंक पुढे जातो. माझ्या फाइलीत पहिल्या ओळीवर सेव्हन-झिप कोसळले, दुसऱ्या ओळीवर रोबोकॉपी कोसळली, आणि तिसऱ्या ओळीवरील शटडाउनने आपले काम चोख केले. त्याने शून्य दिले. बॅकअपच्या नावाखाली मी बारा आठवडे संगणक बंद करण्याचा टास्क चालवत होतो आणि तो टास्क खरोखरच शंभर टक्के यशस्वी होत होता.

पहिल्या दोन ओळी का कोसळल्या, हे सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण हाताने चालवल्यावर चालणारा आणि टास्कमधून चालवल्यावर न चालणारा प्रोग्रॅम ही तक्रार मी त्यानंतर निदान दहा ठिकाणी ऐकली आहे. नवी पेठेतील एका कापड दुकानात, होटगी रस्त्यावरच्या एका दवाखान्यात, आमच्याच व्यवसायातील एका मित्राकडे. कारणे थोड्याफार फरकाने हीच.

एक्स्प्लोररमध्ये फाइलीवर दोनदा क्लिक केले की तिचे चालू फोल्डर तेच असते जेथे ती फाइल ठेवलेली आहे. मी सेव्हन-झिपची सुटसुटीत एक्झी फाइल त्याच फोल्डरात ठेवली होती आणि ओळीत तिचे नुसते नाव लिहिले होते. डेटाचा पत्ताही तेथूनच मोजलेला, अर्धवट. दिवाणजींच्या क्लिकला तो पुरत होता. टास्क शेड्यूलरला मात्र कोठून सुरुवात करायची हे सांगितले नाही तर तो विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरात उभा राहून काम सुरू करतो. तेथे ना माझे सेव्हन-झिप, ना डेटा. कमांड प्रॉम्प्टने “असा प्रोग्रॅम मला माहीत नाही” असा संदेश काढला असणार, पण तो वाचायला समोर कोणी नव्हते.

टास्कच्या ‘ॲक्शन्स’ या भागात ‘स्टार्ट अ प्रोग्रॅम’ निवडल्यावर तीन चौकटी येतात. पहिली प्रोग्रॅमची, दुसरी त्याला द्यायच्या आर्ग्युमेंट्सची, म्हणजे नावापुढे जोडायच्या सूचनांची, तिसरी ‘स्टार्ट इन’, म्हणजे कोणत्या फोल्डरातून सुरुवात करायची. पहिली भरली की तिघांचे समाधान होते असे वाटते, कारण उरलेल्या दोहोंच्या शेजारी ‘ऐच्छिक’ असे लिहिलेले आहे. तिसऱ्या चौकटीपुरता तो शब्द मी यापुढे मानणार नाही. तिच्यात फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहावा आणि एक विचित्र नियम लक्षात ठेवावा. पहिल्या दोन चौकटींत मोकळी जागा असलेल्या पत्त्याला दुहेरी अवतरणचिन्हे लागतात, कारण प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरच्या नावातच मोकळी जागा आहे. तिसऱ्या चौकटीत मात्र अवतरणचिन्हे घातली की टास्क सुरूच होत नाही आणि रकान्यात ‘०एक्स८००७०१०बी’ असा लांबलचक अंक येतो, ज्याचा अर्थ फोल्डरचे नाव अवैध. सवयीने अवतरणे घालणाऱ्या माझ्यासारख्याचा एक पूर्ण तास त्यात गेला.

एवढ्यावरही मी थांबलो नाही. बॅच फाइलीच्या पहिल्याच ओळीत, फाइल जेथे आहे त्या फोल्डरात जाण्याची आज्ञा घातली. टक्का, नागमोडी रेघ, डी, पी, शून्य या पाच चिन्हांनी फाइलीला स्वतःचा पत्ता स्वतःच काढता येतो. त्यामुळे उद्या कोणी तिसरी चौकट रिकामी ठेवली तरी फाइल भरकटणार नाही.

दुसरी गोष्ट आर्ग्युमेंट्सच्या चौकटीची. पूर्ण बॅच फाइल न लिहिता काही जण थेट प्रोग्रॅमचे नाव आणि आर्ग्युमेंट्स देतात, ते योग्यच आहे. पण मग त्याच चौकटीत आउटपुट एखाद्या फाइलीत वळवणारे चिन्ह घालतात आणि लॉग फाइल, म्हणजे काय घडले त्याच्या नोंदींची फाइल, का तयार होत नाही म्हणून विचारत बसतात. आउटपुट वळवणे, एका आज्ञेला दुसरी जोडणे, ही कामे कमांड प्रॉम्प्टची आहेत, टास्क शेड्यूलरची नव्हेत. तो ती चिन्हे मुकाट्याने प्रोग्रॅमलाच नेऊन देतो. लॉग हवा असेल तर पहिल्या चौकटीत कमांड प्रॉम्प्ट लिहून त्याला तिरकी रेघ-सी या आर्ग्युमेंटासह पुढची सगळी ओळ द्यावी, किंवा सरळ बॅच फाइल लिहावी. मी बॅच फाइलीचाच कैवारी आहे. टास्कची खिडकी उघडून तीन चौकटींत डोकावण्यापेक्षा फाइल वाचणे कधीही सोपे.

फोल्डरचा प्रश्न सुटल्यावर पहिली ओळ चालू लागली, आवळलेली फाइल तयार होऊ लागली, पण ती दुसऱ्या संगणकावर जाईना. त्या संगणकाचे फोल्डर मी येथे ‘झेड’ ड्राइव्ह म्हणून जोडलेले होते आणि दिवाणजींच्या पडद्यावर तो ड्राइव्ह हिरव्यागार पट्टीसह दिसत होता. टास्कमध्ये मात्र मी ‘वापरकर्ता लॉग-इन असो वा नसो, टास्क चालवा’ हा पर्याय निवडला होता. तो निवडला की टास्क त्याच वापरकर्त्याच्या नावाने पण वेगळ्या सत्रात चालतो, आणि जोडलेल्या ड्राइव्हची अक्षरे ज्याच्या त्याच्या सत्रापुरती असतात. दिवाणजींचा ‘झेड’ हा दिवाणजींच्या पडद्याचा होता; रात्री साडेदहाला येणाऱ्या टास्कसाठी ‘झेड’ नावाची वस्तू जगात नव्हती. उपाय म्हणजे अक्षर सोडून पूर्ण जाळेपत्ता लिहिणे, दोन उलट्या तिरक्या रेघा, मग संगणकाचे नाव, मग सामायिक फोल्डर. याच पानावर ‘पासवर्ड साठवू नका’ अशी एक खूण आहे. तीही काढावी लागली, कारण ती असेल तर टास्कला फक्त त्याच संगणकावरील वस्तू मिळतात, जाळ्यावरच्या नाहीत. आणि पासवर्ड विचारला जातो तेव्हा तो पासवर्डच द्यायचा असतो, रोज वापरायचा चार आकडी पिन नव्हे. पुढे कधी पासवर्ड बदलला तर टास्कमध्येही तो नव्याने भरावा लागतो. आमच्या कचेरीत मॉनिटरच्या मागे त्याबद्दलची एक चिठ्ठी चिकटवली आहे. (पासवर्डची नव्हे, आठवणीची.)

याच वेगळ्या सत्रामुळे आणखी एक भ्रम होतो. हा पर्याय निवडून कोणी पडद्यावर उघडणारा प्रोग्रॅम टास्कला दिला, समजा सकाळी नऊ वाजता मालाच्या साठ्याची एक्सेल फाइल उघडावी म्हणून, तर प्रोग्रॅम खरोखर सुरू होतो, टास्क मॅनेजरमध्ये दिसतोही, पण खिडकी कोठेच नसते. असे टास्क पडद्यामागे चालणाऱ्या सेवांच्या सत्रात चालतात, आणि विंडोज व्हिस्टापासून ते सत्र वापरकर्त्याच्या पडद्यापासून तोडून ठेवलेले आहे. तेथे उघडलेली खिडकी आपल्याला दिसत नाही आणि तिच्यावरचे ‘ओके’ दाबता येत नाही. माणसाला दाखवायचा प्रोग्रॅम असेल तर ‘वापरकर्ता लॉग-इन असतानाच चालवा’ हेच निवडावे. माणसाची गरज नसलेल्या प्रोग्रॅमलाच दुसरा पर्याय द्यावा, आणि त्याच्या फाइलीत ‘पॉझ’ ही ओळ कधीही ठेवू नये. संदेश वाचता यावा म्हणून आपण चाचणीच्या वेळी ती शेवटी घालतो आणि काढायची विसरतो. मग तो टास्क न दिसणाऱ्या खिडकीत, न येणाऱ्या माणसाच्या बोटाची वाट पाहत बसतो. मूळ जुळणीत, म्हणजे आपण काही बदलले नसेल तर, तो तीन दिवसांनी थांबवला जातो, आणि टास्क चालू असताना त्याचीच दुसरी फेरी सुरू करू नये असाही मूळ नियम असल्यामुळे त्या दरम्यानचे बॅकअप बुडतात. रकान्यात तेव्हा ‘०एक्स४१३०१’ असते, म्हणजे काम चालू आहे.

आता अंकांकडे येतो, कारण या सगळ्या प्रकरणात मला खरे शिकवले ते अंकांनी.

दोन्ही ओळी दुरुस्त केल्या, शटडाउनची ओळ तात्पुरती काढून ठेवली आणि टास्क चालवला. दुसऱ्या संगणकावर फाइल पोहोचली, उघडून पाहिली, डेटा पूर्ण होता. रकान्यात मात्र ‘०एक्स१’. सर्वसाधारण समजुतीने १ म्हणजे चूक. बारा आठवडे काहीही न होता शून्य येत होते आणि काम झाले त्या दिवशी एक आला. मी त्या दिवशी कचेरीत एकटाच मोठ्याने हसलो आणि दिवाणजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

रोबोकॉपी व्हिस्टापासून विंडोजबरोबरच येते आणि तिची अंकांची भाषा स्वतंत्र आहे. तिच्यासाठी शून्य म्हणजे नकलण्यासारखे काही नव्हते, सगळे आधीपासूनच सारखे आहे. १ म्हणजे फाइली नकलल्या. २ म्हणजे पोहोचण्याच्या जागी काही जास्तीच्या फाइली आहेत. ४ म्हणजे काही जुळत नाही. या अंकांची बेरीज होते, म्हणून ३ म्हणजे नकलल्याही आणि जास्तीच्याही आहेत. ८ पासून पुढे अपयश सुरू होते, आणि १६ म्हणजे कामाला हातच लावता आला नाही. याउलट सेव्हन-झिपच्या भाषेत शून्य म्हणजे सर्व ठीक, १ म्हणजे इशारा, उदाहरणार्थ एखादी फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने धरून ठेवल्यामुळे ती आवळलेल्या फाइलीत आलीच नाही, आणि २ म्हणजे मोठी चूक. दोन शेजारच्या ओळी, दोन बाहेरचे प्रोग्रॅम, एकच अंक, आणि अर्थ उलटसुलट. बॅकअपच्या बाबतीत सेव्हन-झिपचा १ मला २ पेक्षाही धोक्याचा वाटतो, कारण फाइल तयार होते, तिला आकार असतो, तारीख असते, फक्त नेमकी हवी ती गोष्ट तिच्यात नसते.

हे टास्क शेड्यूलरला ठाऊक असण्याचे कारण नाही. टास्कच्या इतिहासाची नोंद मुळात बंद असते. ती मी सुरू केली आणि पाहिले, तर क्रमांक २०१ च्या नोंदीत अपयशी फेरीबद्दलही ‘यशस्वीरीत्या पूर्ण’ असेच शब्द येतात आणि प्रोग्रॅमचा अंक वाक्याच्या शेपटाला जोडलेला असतो. त्याच्या दृष्टीने ते खोटे नाही. त्याने हाक मारली, समोरच्याने ओ दिली आणि तो निघून गेला, इथे त्याचे काम संपले.

म्हणून अंकांचा अर्थ लावण्याचे काम बॅच फाइलीतच करावे लागते. माझी नवी फाइल अशी चालते. सेव्हन-झिपनंतर अंक शून्य नसेल तर लॉगमध्ये तारीख-वेळेसह तो अंक लिहायचा आणि तोच अंक घेऊन तेथेच थांबायचे. शून्य असेल तरच रोबोकॉपीकडे जायचे. तिचा अंक ८ किंवा अधिक असेल तर पुन्हा लॉग आणि पुन्हा थांबायचे. बॅच फाइलीतील जुन्या ‘इफ एररलेव्हल’ या रचनेचा अर्थच ‘इतका किंवा याहून अधिक’ असा असल्यामुळे ही तपासणी एका ओळीत होते. दोन्ही पार पडले तरच शटडाउन, आणि शेवटी स्वतःहून शून्य देऊन बाहेर. आता रकान्यातील शून्याला अर्थ आला.

रोबोकॉपीच्या बाबतीत आणखी एक खोडी काढावी लागते. एखादी फाइल नकलता आली नाही तर ती पुन्हा प्रयत्न करते, आणि मूळ जुळणीत हे प्रयत्न दहा लाख आहेत, प्रत्येकाच्या मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. मी कॅल्क्युलेटरवर आकडा घातला, साधारण ३४७ दिवस होतात. एका अडलेल्या फाइलीसाठी पुढच्या गड्ड्यापर्यंत उभी राहण्याची तिची तयारी असते. मी दोन प्रयत्न आणि पाच सेकंद दिले. मूळ जागेची हुबेहूब प्रतिमा ठेवणारा तिचा पर्यायही मी मुद्दाम वापरत नाही, कारण मूळ फोल्डर काही कारणाने रिकामे झाले तर ती तितक्याच इमानाने बॅकअपही रिकामा करते.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्याच रात्री सेव्हन-झिपने १ दिला. दिवाणजी सॉफ्टवेअर उघडे ठेवून घरी गेले होते; आता क्लिक करायचे नाही म्हटल्यावर ते बंद करण्याचीही सवय सुटली होती. साडेदहाला ते सॉफ्टवेअर सक्तीने बंद करणारी ओळ घालणे मला सहज शक्य होते आणि एका मित्राने तसे सुचवलेही. मी ते केले नाही. नोंद लिहिता लिहिता प्रोग्रॅमचा गळा दाबला तर नऊ जानेवारी आपणच रोज रात्री घडवून आणू. उघड्या फाइलीही घेण्याचा सेव्हन-झिपचा पर्याय आहे, पण अर्ध्या लिहिलेल्या डेटाची नक्कल घेऊन काय करायचे? त्यापेक्षा दिवाणजींना मी विनंती केली, आणि सॉफ्टवेअर बंद करण्याची सवय त्यांनी दोन दिवसांत पुन्हा लावून घेतली.

किरकोळ गोष्टी थोडक्यात सांगतो. ‘कंडिशन्स’ या भागात संगणक विजेच्या जोडणीवर असेल तरच टास्क सुरू करण्याची खूण मुळातच असते. नवा यूपीएस यूएसबीने जोडल्यापासून वीज गेली की आमचा डेस्कटॉपही स्वतःला बॅटरीवर समजतो, म्हणून ती खूण काढली. चुकलेली वेळ नंतर भरून काढण्याची खूण मुळात नसते, ती घातली खरी, पण मग सकाळी संगणक सुरू झाल्यावर थोड्या वेळाने बॅकअप होऊन तो बंद होऊ लागला, तेव्हा शटडाउनच्या ओळीला रात्रीच्या वेळेची अट लावावी लागली. आवळलेल्या फाइलीच्या नावात तारीख घालताना विंडोजच्या प्रादेशिक जुळणीतली तारीख तशीच घेऊ नये, कारण तिच्यात तिरकी रेघ असेल तर फाइलीचे नावच अवैध होते. विंडोजमधल्याच पॉवरशेल या प्रोग्रॅमकडून वर्ष-महिना-दिवस या क्रमाने मागून घ्यावी, म्हणजे यादीही आपोआप कालक्रमाने लागते. फोल्डरला मी हौसेने देवनागरीत ‘हिशेब’ नाव दिले होते. कमांड प्रॉम्प्टचे कोडपेज, म्हणजे अक्षरे ओळखण्याचा तक्ता, ६५००१ केल्याशिवाय बॅच फाइलीत त्याचे कडबोळे होते. मराठीचा कितीही अभिमान असला तरी त्या एका फोल्डरचे नाव मी रोमन लिपीत ठेवले.

घरी माझा एक जुना लिनक्स संगणक आहे आणि त्यावर हेच काम क्रॉन करतो. लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनले त्या युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीतही क्रॉन होता, म्हणजे ही विद्या काही नवी नाही, आणि तेथेही खड्डे त्याच जागी आहेत. क्रॉनला प्रोग्रॅम शोधण्याची वाट फार थोडी माहीत असते, म्हणून प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता लिहावा लागतो. त्याच्या ओळीत टक्क्याचे चिन्ह जसेच्या तसे लिहिले तर तो तेथे ओळ तोडतो, त्यामुळे तारखेची आज्ञा घातली की ती अर्धी राहते. एक गोष्ट मात्र मला त्याची आवडते. प्रोग्रॅमने काही बडबड केली तर ती तो मालकाला डाकेने पाठवण्याचा प्रयत्न करतो, गिळून टाकत नाही.

कारखान्यात डाकेऐवजी वही आहे. आवक-जावक वहीच्या शेजारी दिवाणजींनी एक दोनशे पानी वही ठेवली, रेघा मारून तीन रकाने पाडले, तारीख, फाइलीचा आकार आणि सही. रोज सकाळी अगरबत्ती लावून झाली की ते दुसऱ्या संगणकावरचे फोल्डर उघडतात आणि कालच्या फाइलीचा आकार वहीत लिहितात. आकडा रोज थोडाथोडा वाढत जातो. एकदा तो एकदम निम्म्यावर आला तेव्हा त्यांनी मला दहाच्या आत फोन केला. कोणीतरी जुन्या वर्षाचा डेटा दुसऱ्या फोल्डरात हलवला होता, एवढेच निघाले. महिन्यातून एका रविवारी मी एक फाइल उचलून वेगळ्या जागी उघडतो आणि वहीत माझीही सही करतो.

मार्चअखेरच्या गर्दीत एका सकाळी मालकांचा फोन आला. स्वर नाराजीचा होता. “सर, कॉम्प्युटर रात्रभर चालूच होता बघा. ह्या उन्हात, एसी बंद, पंखा बंद. असं चालतंय होय?” मी म्हटले, हात लावू नका, येतो. सात रस्त्यावरून पोहोचेपर्यंत ऊन चढले होते. लॉगची शेवटची ओळ रात्री दहा वाजून एकतीस मिनिटांची होती, रोबोकॉपी, अंक ८, आणि वर तिच्या स्वतःच्या शब्दांत त्रुटी ११२, डिस्कवर पुरेशी जागा नाही. विणाईच्या शेडमधल्या त्या जुन्या संगणकाची डिस्क रोजच्या फाइलींनी भरली होती. जुन्या फाइली काढून टाकण्याची ओळ लिहायचे मी ‘पुढच्या वेळी’वर ठेवले होते.

प्रत्येक महिन्याची अखेरची एक फाइल ठेवून बाकीच्या मी काढून टाकल्या, शटडाउनवरची रात्रीची अट तेवढ्यापुरती उठवली आणि मालकांच्या समोर टास्क चालवला. पाच मिनिटांनी पडदा काळा झाला.

“झालं की मग,” मालक उठू लागले. दिवाणजींनी त्यांना हाताने थांबवले, शेडमधल्या संगणकाजवळ जाऊन चष्मा पुसला, आकडा वाचला आणि परत येऊन वहीत लिहिला.